एकच कवटी सगळ्यांना

दरवर्षी २६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाला, आपल्याकडच्या अनेक शाळांत प्रभातफेरी निघते, शपथ होते आणि चित्रकला स्पर्धा होते. त्या स्पर्धेतली चित्रं जरा थांबून पाहावीत. मधोमध कवटी, खाली आडवी दोन हाडं, आणि भोवती गोल करून तंबाखूची पुडी, सिगारेट, दारूची बाटली, गोळ्या, इंजेक्शनची सुई. मुलांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी कागदावर जसंच्या तसं उतरवलेलं असतं. व्यसन नावाची एकच वस्तू आहे, तिची रूपं वेगवेगळी आणि शेवट एकच, असा तो धडा. तो देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हेच चित्र काढलेला चौदा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर घरी जातो तेव्हा त्याला सत्तरी ओलांडलेले आजोबा ओट्यावर बसून तंबाखू मळताना दिसतात. एकतीस डिसेंबरला बिअर प्यायलेला आतेभाऊ दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जातो, हेही त्यानं पाहिलेलं असतं. कवटी काही कुठे दिसत नाही. मग तो साधा हिशेब मांडतो: मोठी माणसं याबाबतीत वाढवून सांगतात. एकदा हा हिशेब पक्का झाला की पुढे कॉलेजात कुणी एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पूड समोर धरली तर तिच्याबद्दल सांगितलेलं खरंही त्याला वाढवून सांगितलेलंच वाटतं. किशोरवयीन मुलांना नशेच्या पदार्थांचे प्रकार आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे करून, जसे आहेत तसे शिकवावेत, याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. आपल्या शब्दाची पत राहिली तरच ऐन वेळी तो शब्द उपयोगी पडणार.

भीतीच्या शिकवणीचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येऊन पाचवी-सहावीच्या मुलांना नशेपासून दूर राहण्याचे धडे देई. पालक खूश, शाळा खूश, राजकारणी तर फारच खूश. काही वर्षांतच तो देशभर पसरला. मग संशोधकांनी मोजमाप सुरू केलं. १९९४ मध्ये अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा नशा करण्याच्या प्रमाणावर कार्यक्रमाचा परिणाम नगण्य निघाला. केंटकी राज्यातल्या मुलांकडे दहा वर्षांनी, ती विशीत पोचल्यावर, पुन्हा जाऊन पाहिलं, तर धडे घेतलेली आणि न घेतलेली मुलं यांत फरक नव्हता. त्यानंतर १९९८ पासून अमेरिकी सरकारनं टीव्हीवरच्या जाहिरातींची प्रचंड मोहीम चालवली. तिच्या मूल्यमापनातून निघालेली गोष्ट आणखी विचार करायला लावणारी होती. जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा गांजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन काही बाबतींत उलट मऊ झाला होता. संशोधकांनी दिलेलं एक स्पष्टीकरण असं की सतत ‘घेऊ नका, घेऊ नका’ ऐकल्यामुळे मुलांची समजूत झाली, आपल्या वयाचे सगळेच घेत असणार. आपल्याकडच्या फलकांवरून, ‘आजची तरुणाई व्यसनांच्या विळख्यात’ अशा मथळ्यांवरून नेमका हाच निरोप रोज जातो.

मग सांगायचं काय? सुरुवात एका अडचणीच्या सत्यापासून करावी लागते. नशेचा पदार्थ एकदा घेतलेला प्रत्येक जण त्यात अडकत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की आयुष्यात कधीतरी तंबाखू घेतलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के तिच्या आहारी गेले. हेरॉइनसाठी हा आकडा २३ टक्के होता, कोकेनसाठी १७, दारूसाठी १५ आणि गांजासाठी ९. हे आकडे मुलांपुढे ठेवायला शिक्षक बिचकतात, कारण ‘शंभरातले पंच्याऐंशी दारूत अडकत नाहीत’ असा त्याचा अर्थ मुलं काढतील ही भीती. पण मुलं तो अर्थ आजूबाजूला पाहून आधीच काढून बसलेली असतात. त्यांनी न पाहिलेली बाजू आपण दाखवायची आहे. एक म्हणजे पंधरा टक्के हा आकडा लहान नाही. साठ मुलांच्या वर्गात तो नऊ जणांचा होतो, आणि ते नऊ कोण हे आधी सांगणारी कुठलीही तपासणी नाही. दुसरं म्हणजे या यादीत सगळ्यात वर कोण बसलंय ते पाहा. ज्या तंबाखूला घरात कुणी व्यसन म्हणतही नाही, ती हेरॉइनच्याही वर आहे. ती सहज मिळते, कायद्यानं मिळते, त्याचा या आकड्यात वाटा आहेच, पण आपल्या घरांतही ती तशीच मिळते. आणि तिसरं म्हणजे हे आकडे सगळ्या वयांचे मिळून आहेत. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो ‘थांब, जरा विचार कर’ असं सांगतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. बक्षिसाची ओढ लावणारा भाग मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात असतो. म्हणून लवकर सुरुवात करणाऱ्याची जोखीम जास्त.

पदार्थ मेंदूपर्यंत किती वेगानं पोचतो, ही गोष्टही शाळेत क्वचितच सांगितली जाते. गिळलेली वस्तू पोटातून, यकृतातून फिरून मेंदूत पोचायला पाऊण तास घेऊ शकते. ओढलेला धूर फुप्फुसातून काही सेकंदांत पोचतो. झटका जितका लवकर, तितक्या लवकर मेंदू त्या कृतीशी ‘सुख’ जोडायला शिकतो. सिगारेट सोडणं इतकं कठीण का जातं आणि गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पन्नीवर तापवून ओढणारा इतक्या पटकन का अडकतो, याची उत्तरं बरीचशी इथे आहेत. नववीतल्या विज्ञानाच्या तासाला हे समजायला अवघड नाही, आणि मुलं ते लक्षपूर्वक ऐकतात, कारण यात उपदेश नसतो, यंत्र कसं चालतं ते असतं.

आपल्याकडे शिकवण्याचा पहिला धडा तंबाखूचा आणि सुपारीचाच असला पाहिजे. विदर्भातल्या कुठल्याही टपरीवर खर्रा कसा होतो ते पाहा: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका जाड पन्नीवर घ्यायचा, पन्नीची घडी घालून तळहाताखाली घोट घोट घोटायचा आणि पुडी बांधून द्यायची. पश्चिम महाराष्ट्रात त्याचाच भाऊ मावा. चुन्यामुळे तोंडातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून वेगानं रक्तात जातं. चुना म्हणजे नुसता सवयीचा भाग नाही, तो या यंत्राचा कळीचा भाग आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर हातानं घोटून मिळणारी गोष्ट बंदीच्या कागदानं थांबत नाही. आणि ‘यात तंबाखू नाही, फक्त सुगंधी सुपारी आहे’ असं म्हणून जी पुडी सहावीतल्या मुलाच्या हाती जाते तिच्याबद्दल तर घरोघरी गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा हळूहळू चिवट, पांढरट आणि ताठ होत जाते. तिखट लागलं की तोंड पेटतं, आणि मग तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून ती तोंडात जातात का पाहावं. जात नसतील तर दंतवैद्याला तोंड दाखवायला जावं. ही चाचणी वर्गात साठ मुलांनी एकत्र करून पाहावी. कवटीच्या चित्रापेक्षा ती जास्त काळ लक्षात राहील.

दुसरा धडा, ज्याच्याकडे सुशिक्षित पालकांचं जवळपास लक्षच नसतं, तो हुंगण्याच्या पदार्थांचा. दिल्लीच्या ‘एम्स’नं केंद्रासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूपासून गांजापर्यंतच्या इतर पदार्थांत मोठ्यांचं प्रमाण जास्त किंवा मुलांच्या बरोबरीचं दिसतं. हुंगण्याच्या पदार्थांत ते स्पष्टपणे उलटं आहे: मोठ्या माणसांत ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये एक टक्क्याहून जास्त. कारण उघड आहे. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, पेट्रोल यांना कुठलाही विक्रेता लागत नाही. ते दप्तरात, सायकलच्या दुकानात, घराच्या माळ्यावर असतात. रुमालावर घेऊन हुंगलेल्या या वाफा मिनिटभरात मेंदूत पोचतात आणि गरगरल्यासारखं, हलकं वाटतं, ते पंधरा-वीस मिनिटं टिकतं. टोल्युइनसारखी द्रावणं चरबीत विरघळतात, आणि मेंदूतल्या तारांवरचं आवरण चरबीचंच असतं. दीर्घकाळ हुंगणाऱ्याची चाल बिघडते, ऐकू कमी येतं, स्मरण जातं. पण मुलांना सांगायची खरी गोष्ट याहून तातडीची आहे. या वाफा हृदयाला ॲड्रेनलिनच्या बाबतीत अतिसंवेदनशील करून ठेवतात. अशा वेळी दचकलं, पळालं, मारामारी झाली, तर हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन मृत्यू येऊ शकतो, आणि पहिल्याच वेळी हुंगणाऱ्यालाही तो आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हुंगताना दिसलेल्या मुलावर ओरडत धावून जाऊ नये, त्याला पळवू नये. शांतपणे जवळ जावं, मोकळ्या हवेत बसवावं. ही सूचना शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना हवी. ‘सगळी व्यसनं सारखीच’ असं शिकवणाऱ्याकडे ती नसते.

दारू, झोपेच्या गोळ्या आणि गर्द ही तिन्ही वेगवेगळ्या बाजारात मिळत असली तरी शरीरात एकाच दिशेनं काम करतात: मंद करतात. ग्लानी, तोल जाणं, अडखळतं बोलणं आणि शेवटी श्वास मंदावणं. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. ती घेतल्यावर माणसाची भीड आणि भीती जाते आणि त्या काही तासांत काय केलं हे पुढे आठवतच नाही. एरवी चिंतेच्या आजारावर डॉक्टर जपून देतात ते हेच औषध. गोळी एकटी घेतली तर श्वास बंद पडण्याची शक्यता कमी असते, दारू एकटी बेतानं प्यायली तरीही. पण दोन्ही एकत्र घेतली की एकाचा परिणाम दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो आणि झोपेतच श्वास थांबतो. मिसळणं धोक्याचं आहे, हे वाक्य प्रत्येक अकरावीच्या मुलाला पाठ हवं. गर्दची गोष्ट जुनी आहे. हेरॉइन १८९८ मध्ये खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आलं होतं. त्याचाच अशुद्ध, तपकिरी प्रकार ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ‘गर्द’ या नावानं पसरला. अनिल अवचटांनी त्याबद्दल लिहिलं तेव्हा मराठी वाचक हादरला, आणि त्यातूनच पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. गर्दुल्ल्यांच्या बोलीत ‘टर्की’ हा शब्द त्याच काळात रुजला. पदार्थ मिळाला नाही की अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, अंगावर शहारे, हाडांत कळा, तीच टर्की. आता इथे एक फरक आहे, तो भल्याभल्यांना माहीत नसतो. गर्दची टर्की भयंकर वेदनेची असली तरी एरवी धडधाकट माणूस सहसा तिनं मरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, किंवा महिनोन्‌महिने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एका दिवसात थांबवल्या, तर मात्र फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. घरातल्या कोंडलेल्या खोलीत ‘आजपासून बंद’ म्हणून बापाला डांबणाऱ्या कुटुंबांना हे माहीत असतं तर ती आधी दवाखान्यात गेली असती. आणि गर्दच्या बाबतीत जीव जातो तो बहुतेकदा उलट्या वेळी: काही महिने सुटलेला माणूस पूर्वीच्याच मात्रेनं पुन्हा घेतो, शरीराची ती सवय तोवर गेलेली असते, आणि श्वास थांबतो.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, याच्या बरोबर उलट्या टोकाला. ते वेग वाढवतं. ठोके वाढतात, झोप उडते, भूक मरते, जबडा आवळला जातो, बोलणं थांबत नाही, आणि अभ्यास किंवा नाच अखंड करता येईल असं वाटतं. दोन-तीन तासांत ते उतरतं आणि उतरताना एवढी मरगळ येते, की पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेण्याचा हा चक्राकार ओढा हे या पदार्थाचं खास लक्षण. काही आठवडे असं चाललं की संशय सुरू होतो: कुणी पाठलाग करतंय, मोबाइलमधून ऐकतंय. भारतात २०१५ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या यादीत घातलं. हा पदार्थ शेतात उगवत नाही, तो रसायनांपासून बनतो, म्हणून सीमेपलीकडून आणावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. त्या एका प्रकरणात ठिकठिकाणी मिळून दीड हजार किलोहून जास्त एमडी पकडलं गेलं. ‘ही मोठ्या शहरांतल्या श्रीमंत मुलांची भानगड’ असं मानणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. पुरवठा रोखण्याचं काम पोलिसांचं आहे आणि ते व्हायलाच हवं, पण जो पदार्थ कुठल्याही शेडमध्ये तयार होऊ शकतो तो संपवून टाकू, आणि मग मुलांशी बोलण्याची गरजच उरणार नाही, असं मानणं परवडणारं नाही.

पदार्थापदार्थांत फरक करायचा म्हटलं की सगळ्यात आधी आक्षेप येतो तो गांजावरून. ‘गांजा एमडीपेक्षा कमी घातक’ असं सांगितलंत तर मुलं त्याचा परवाना समजतील. शिवाय भांग महाशिवरात्रीला, होळीला चालते, कायद्यानंही तिच्या पानांना गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलंय. मग मुलाला काय तोंडानं नाही म्हणायचं? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून उत्तर नेमकं हवं. गांजानं श्वास थांबून माणूस दगावण्याची उदाहरणं जवळपास नाहीत, हे खरं आहे आणि ते मुलांना माहीत आहे. ते नाकारून उपयोग नाही. पण न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजारभर मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास चालू आहे. त्यात पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढू लागलेल्यांपैकी सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखा आजार जडलेल्यांचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. न ओढणाऱ्यांत ते ३ टक्के होतं. अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांत धोका इतका वाढलेला नव्हता. ज्यांच्या मनात आजाराची बीजं आधीच असतात तेच गांजाकडे वळतात, असंही म्हणता येईल, आणि त्या अभ्यासानं ते तपासलंही. लहानपणीची लक्षणं हिशेबात धरली तर धोका कमी होतो, पण दिशा तीच राहते. याच अभ्यासातला बुद्ध्यंक घटल्याचा निष्कर्ष मात्र पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी डळमळीत केला आहे. मुलांना हे दोन्ही सांगावं. ‘तुझ्या घरात काका-मामा-आजी कुणाला भास होण्याचा, संशयाचा आजार असेल, तर तुझ्यासाठी गांजा इतरांपेक्षा वेगळी वस्तू आहे’ हे वाक्य मुलगा स्वतःला लावून पाहतो. ‘गांजा मारतो’ हे वाक्य तो लावून पाहत नाही, कारण ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं. धोक्यांची प्रतवारी सांगणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. नाग आणि धामण यांत फरक शिकवणारा माणूस धामण घरात पाळा असं सांगत नसतो.

याहून मोठा आक्षेप घराघरांतला. ज्याचं नावही मुलाला माहीत नाही ते आपणच का शिकवावं? कुतूहल चाळवेल. लैंगिक शिक्षणावरच्या वादात हाच मुद्दा येतो. यातला एक भाग अगदी बरोबर आहे. काही प्रदर्शनांत पदार्थांच्या पुड्या, चिलमी, सुया काचेच्या पेटीत मांडून ठेवतात, कोणती गोष्ट कशी घेतात ते दाखवतात, बरा झालेला तरुण व्यासपीठावर येऊन आपल्या जुन्या रात्री रंगवून सांगतो. यातून कुतूहल वाढतं, आणि अशा प्रकारच्या कार्यक्रमांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मार्गदर्शक मानकांतही सावध केलेलं आहे. म्हणून सांगायचं काय आणि गाळायचं काय याची रेघ स्पष्ट असावी: परिणाम सांगायचे, घेण्याची रीत, भाव, मिळण्याची ठिकाणं, ब्रँड सांगायचे नाहीत. आणि वयाप्रमाणे सांगायचं. पाचवी-सहावीला सुपारी, तंबाखू आणि हुंगण्याचे पदार्थ पुरे; एमडीचं नाव तिथे काढण्याची गरज नाही. आठवी-नववीला दारू, गांजा, आणि २०१९ पासून देशात बंदी असूनही मिळणारी ई-सिगारेट. गोळ्या, एमडी, मिसळण्याचे धोके अकरावी-बारावीला. पण मुळात ‘त्याला नावही माहीत नाही’ हा पालकांचा अंदाज फार कमी वेळा बरोबर असतो. रीलमध्ये, गाण्यात, वेबमालिकेत, वर्गातल्या शेवटच्या बाकावर ती नावं असतात. नावं आहेत, अर्थ नाहीत, आणि अर्थ सांगायला सगळ्यात आधी जो येतो त्याच्याकडे बहुतेकदा विकायला माल असतो.

तिसरा आक्षेप संशोधकांचा आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. नुसत्या माहितीनं वागणं बदलत नाही. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र रोज पाहणारे डॉक्टरही सिगारेट ओढतात. हे मान्यच करायला हवं. माहिती ही पाया आहे, घर नव्हे. आइसलंडचं उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखं आहे. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे पोस्टरं लावून हे झालं नाही. दरवर्षी शाळांत पाहणी करून तिचे निष्कर्ष त्या त्या वस्तीतल्या पालकांपुढे ठेवले, खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी सरकारी पैसे दिले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर असू नये यासाठी नियम आणि पालकांच्या फेऱ्या दोन्ही ठेवल्या. आपली गावं आइसलंड नाहीत, मैदानं बिल्डरांनी खाल्ली आहेत आणि दहावीच्या वर्षी खेळ बंद करणारे आपणच आहोत. तरी त्यातली एक गोष्ट फुकट आहे: खरे आकडे मुलांना सांगणं. ‘एम्स’च्या त्या पाहणीत दहा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये गांजा घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. ‘सगळेच करतात’ हे मित्रानं दिलेलं कारण या एका आकड्यापुढे टिकत नाही. अमेरिकेतल्या जाहिरातींनी नेमकं उलटं केलं होतं. नकार कसा द्यायचा, मैत्री न तोडता कसा द्यायचा, याचा सराव याच्या जोडीला हवा. ‘नको, मला उद्या मॅच आहे’ हे वाक्य वर्गात मोठ्यानं दोनदा म्हणून पाहिलेलं असलं तर पार्टीत तोंडात येतं.

आणि नकार देता आला नाही, किंवा मित्रानं दिला नाही, तर पुढे काय, हेही शिकवावं लागतं. याची आपल्याला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून जीव इथेच जातात. जास्त प्यायलेला मित्र बेशुद्ध पडला की त्याच्या तोंडात लिंबू पिळतात, ताक पाजतात, अंगावर बादली ओततात, आणि शेवटी ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून पाठीवर निजवून निघून जातात. पाठीवर निजलेल्या बेशुद्ध माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवायचं, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे घ्यायचा, तोंड जरासं खाली झुकतं ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, श्वास मोजत बसायचं आणि १०८ ला फोन करायचा. दहा मिनिटांत वर्गातल्या सतरंजीवर हे शिकवता येतं. मित्र पळून जातात ते क्रूर असतात म्हणून नाही, पोलिसांना आणि घरच्यांना घाबरून. म्हणून कायदाही जसा आहे तसा सांगायला हवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन करणाऱ्यालाही शिक्षा आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्या मोठ्या माणसाला बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक, दोन्ही फुकट. मुलांना सहसा यातला एकच भाग ऐकवला जातो: ‘जेलमध्ये जाल.’

हे सगळं शिकवणार कोण? बाहेरचा वक्ता वर्षातून एकदा येऊन दीड तास बोलून जातो, त्यानं काही होत नाही. ते काम वर्गशिक्षकाचं किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, आणि ते तुकड्या-तुकड्यानं, वर्षभर. मधल्या सुट्टीत तंबाखूची डबी उघडणाऱ्या शिक्षकानं हा तास घेऊ नये असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ‘मला वीस वर्षं सुटलेली नाही, तीनदा प्रयत्न केला’ असं त्यानं साधेपणानं सांगितलं, तर निकोटिनबद्दल त्याहून चांगला पाठ नाही. अट एवढीच की डबी शाळेच्या आवारात उघडायची नाही. प्रश्नांसाठी निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. हात वर करून मुलं ‘सर, ड्रग्जचे दुष्परिणाम कोणते’ असं विचारतात. चिठ्ठीत काय येईल ते वेगळं असतं: माझा दादा रात्रभर जागा असतो आणि सारखं नाक ओढतो, हे काय असेल?

शिकवताना आणखी एका मुलाचा विचार करावा लागतो. साठ जणांच्या वर्गात असं मूल बहुधा असतंच, ज्याच्या घरी कालच रात्री ताट भिरकावलं गेलं. फळ्यावर ‘दारुडा’ असा शब्द लिहून त्यापुढे बेजबाबदार, निर्लज्ज, समाजाला कलंक असं लिहिलं, की बाकीचे एकोणसाठ जण वहीत उतरवून घेतात आणि ते एक मूल आपल्या वडिलांबद्दल ऐकत राहतं. त्याला दुसऱ्या दिवसापासून तो विषय नको होतो, आणि कदाचित ती शाळाही. व्यसन हा आजार आहे, तो मेंदूत कसा घडतो, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं तुझ्या एकट्याचं काम नाही, एवढं तासात कुणाकडेही न पाहता सांगता येतं. ते मूल तेव्हा काही विचारणार नाही. तास संपल्यावर बाईंनी वह्या गोळा करायच्या निमित्तानं पाच-दहा मिनिटं वर्गातच रेंगाळावं. विचारायचं असेल तर ते तेव्हा येईल, पहिल्या आठवड्यात नाही आलं तर तिसऱ्या आठवड्यात.